नगरपालिकेचा ठराव आणि त्याचा अंमल
महाडच्या चवदार तळ्याचा दाखला

नगरपालिकेच्या सभागृहात हात वर होतात, अध्यक्ष 'ठराव मंजूर' असे जाहीर करतात आणि सभा पुढील विषयाकडे वळते. बहुतेक नागरिकांच्या आणि पुष्कळशा सदस्यांच्याही समजुतीप्रमाणे निर्णय तेथे पूर्ण होतो. वस्तुतः त्या क्षणी निर्णयाचा केवळ पहिला टप्पा पार पडलेला असतो. ठरावाचे शब्द कोणते आहेत, तो कोणाला काय करावयास सांगतो, त्याची नोंद कशी झाली, तो बजावण्याची जबाबदारी कोणावर आली आणि विरोध झाल्यास नगरपालिका आपल्या ठरावामागे कितपत उभी राहिली, यांवर त्या निर्णयाचे आयुष्य अवलंबून असते. या सर्व गोष्टींचा एकाच प्रकरणात विचार करावयाचा झाल्यास महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याइतका बोलका दाखला दुसरा सापडणार नाही. या तळ्याचा सामाजिक इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या मुळाशी एका नगरपालिकेने केलेला आणि पुढे फिरविलेला ठराव होता, ही बाजू मात्र तितकीशी पाहिली जात नाही.

सल्ला आणि ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात श्री. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालविलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखाली असलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबरमध्ये सरकारने या शिफारशीवर आदेश काढला. त्याची रचना प्रशासनाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागा व संस्था यांच्यापुरती अंमलबजावणी करावी, असे खातेप्रमुखांना सांगण्यात आले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा त्यांनी विचार करावा असा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना द्यावा, एवढेच म्हटले होते. म्हणजे खात्यांसाठी हुकूम होता आणि नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्यासाठी सल्ला.

स्थानिक स्वराज्य संस्थांची स्वायत्तता राखण्याचा हेतू यामागे असेलही. परिणाम असा झाला की, प्रत्येक नगरपालिकेच्या सभेत हा प्रश्न नव्याने उभा राहिला आणि त्याचे उत्तर तेथील सदस्यांच्या मर्जीवर व धैर्यावर सोपविले गेले. तीन वर्षांनंतर, ऑगस्ट १९२६ मध्ये, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे ही शिफारस अमलात आणण्याचे नाकारतील त्यांना अनुदान देऊ नये, असा दुसरा ठराव श्री. बोले यांना कौन्सिलात आणावा लागला. पहिल्या सल्ल्याचे काय झाले, याची यावरून पुरेशी कल्पना येते.

महाड नगरपालिका ही सल्ला मनावर घेणाऱ्या थोड्या संस्थांपैकी एक होती. आपल्या ताब्यातील तळ्याचा उपयोग अस्पृश्यांनी करण्यास नगरपालिकेची हरकत नाही, अशा आशयाचा ठराव तिने १९२४ साली केला. त्या काळी, जेथे सदस्यांची घरे आणि मते दोन्ही सवर्ण वस्तीत होती अशा गावात, एवढा ठराव होणे ही लहान गोष्ट नव्हती. महाडमध्ये सुधारणेच्या बाजूने उभी राहणारी माणसे होती. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले श्री. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि श्री. अनंतराव चित्रे यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात.

तळे कोणाचे, पाणी कोणाला

महाड हे तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि मोठी बाजारपेठ. चवदार तळे गावाच्या मध्यभागी असून त्याभोवती सवर्णांची घरे होती. आसपासच्या खेड्यांतील महार मंडळींना दोन कारणांसाठी महाडला यावे लागे. एक बाजारहाट, आणि दुसरे सरकारी काम. गावकामगार या नात्याने खेड्यातील कागदपत्रे तालुक्याच्या कचेरीत पोहोचविणे आणि गावच्या वसुलाचा भरणा करण्यासाठी जाणे हे त्यांचे वतनी काम होते. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळावे असे सार्वजनिक ठिकाण हे एकच तळे होते. अस्पृश्यांच्या वस्तीतील विहीर गावाच्या मध्यापासून दूर पडे. तळ्यावर मुसलमानांना पाणी भरता येई, जनावरांनाही मज्जाव नव्हता. सरकारचा वसूल घेऊन उन्हातून चालत आलेल्या माणसाला मात्र तेथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते.

१९२४ च्या ठरावाने कागदावर ही स्थिती बदलली. प्रत्यक्षात तीन वर्षे काहीही बदलले नाही.

असे का व्हावे, याचे एक उत्तर ठरावाच्या भाषेतच आहे. 'हरकत नाही' ही परवानगीची भाषा आहे. ती कोणावरही कर्तव्य टाकत नाही. तळ्यावर कोणी अडविल्यास नगरपालिकेचा कोणता नोकर त्याला आवरील, गावात दवंडी पिटावी किंवा तळ्याकाठी फलक लावावा काय, पोलिसांना कळवावे काय, यांपैकी काहीही त्या शब्दांतून निष्पन्न होत नाही. हक्क बजावण्याचा सारा धोका ज्याला हक्क दिला त्याच्यावरच पडतो. एखाद्या खेड्यातून आलेल्या एकट्यादुकट्या माणसाने, सभोवार सवर्णांची घरे असताना, नगरपालिकेची हरकत नाही एवढ्या भरवशावर तळ्याची पायरी उतरावी, अशी अपेक्षा करणे व्यवहारास धरून नव्हते.

आजही अनेक नगरपरिषदांच्या इतिवृत्तांत 'मान्यता देण्यात येते', 'हरकत नाही', 'विचार व्हावा' अशी अर्धवट क्रियापदे विपुल आढळतात. काम कोणी, किती मुदतीत आणि कोणत्या लेखाशीर्षातून करावयाचे हे ठरावात नसेल, तर पुढच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला 'कार्यवाही चालू आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही; आणि ते उत्तर खोटे आहे असेही म्हणता येत नाही.

सभेची रीत

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी घ्यावी लागते. तिची लेखी सूचना विषयांसह सात पूर्ण दिवस आधी, तर विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांकडे पोहोचली पाहिजे. सभा लोकांना खुली असते. एखाद्या विषयाची चर्चा बंद दाराआड होणे हा अपवाद आहे. मुख्याधिकारी सभेस उपस्थित राहतात, खुलासा करतात, पण मत देत नाहीत. समसमान मते पडल्यास अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीला निर्णायक मत असते. हा सारा भाग बहुतेकांना पाठ असतो.

तथापि या नियमांचे कारण पुष्कळदा विसरले जाते. सात दिवसांची सूचना ही सदस्यांच्या सोयीपुरती नाही. विषय आधी कळला म्हणजे ज्या वस्तीवर त्याचा परिणाम होणार तेथील माणसे आपल्या सदस्याला गाठू शकतात, हरकत लेखी देऊ शकतात, सभेला येऊन बसू शकतात. म्हणूनच विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या एका ओळीखाली महत्त्वाची प्रकरणे आणण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे, ती सभेचा खुलेपणा नावापुरता ठेवते. दार उघडे आहे, परंतु आत काय चालणार हे बाहेरच्याला ठाऊक नाही, अशी ती अवस्था होय.

सूचक व अनुमोदक यांच्या नावांनाही केवळ औपचारिक महत्त्व नाही. अप्रिय ठरावाला दोन माणसे आपले नाव देतात, तेव्हा ती त्याची जबाबदारी उघडपणे पत्करतात. विरोधी मतांची नावानिशी नोंद होणेही तितकेच उपयुक्त असते, कारण पुढे वाद झाल्यास इतिवृत्ताखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. पुढील सभेत इतिवृत्त कायम करतात ते नोंद बरोबर आहे एवढ्यापुरतेच. ठराव नव्याने चर्चेस घेण्याची ती संधी नव्हे.

तीन वर्षांनंतर

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद म्हणून त्यांची नुकतीच नियुक्ती झाली होती. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. नगरपालिकेच्या ठरावाला तीन वर्षे झाल्यानंतर, भर गावात तळे असताना, पाण्यासाठी मोजलेले हे चाळीस रुपये त्या ठरावाच्या अंमलबजावणीचा सर्वांत अचूक अहवाल आहेत.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी श्री. चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाचा उल्लेख केला, आणि तो वापरात आलेला नसल्याने परिषदेनेच आता तो वापरात आणावा असे सुचविले. त्यानंतर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सर्व समुदाय शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेला. प्रथम डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या मागोमाग इतरांनी पाणी घेतले. कार्यपद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर या लोकांनी कोणताही कायदा मोडला नाही. नगरपालिकेने जे करू देण्याचे ठरविले होते तेच त्यांनी केले. ठरावाचा अंमल नगरपालिकेऐवजी लाभार्थ्यांनी केला, एवढाच फरक होता.

थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली, जमाव चालून आला आणि परतणाऱ्या मंडळींना मारहाण झाली. नंतर पंचगव्याच्या १०८ घागरींनी तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. तळे नगरपालिकेचे, पाणी नगरपालिकेचे आणि ठरावही नगरपालिकेचाच. आपल्या मालमत्तेवर आपल्याच ठरावाविरुद्ध होणाऱ्या या विधीच्या वेळी खऱ्या अर्थाने कसोटी होती ती नगरपालिकेची.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला.

तारखेचा योगायोग असा की, कौन्सिलात श्री. बोले यांचा ठराव संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. नगरपालिकेला आपला ठराव फिरविण्याचा अधिकार असतोच. परिस्थिती बदलते, नवी माहिती पुढे येते, खर्चाचा अंदाज चुकतो. अशा वेळी जुन्या ठरावाला चिकटून राहणे हेही शहाणपणाचे नसते. परंतु येथे तळ्याच्या स्थितीत, पाण्याच्या पुरवठ्यात किंवा नगरपालिकेच्या तिजोरीत काहीही बदल झालेला नव्हता. बदल एवढाच होता की, जो ठराव तीन वर्षे कोणी वापरला नव्हता तो मार्चमध्ये वापरला गेला. कोणालाही न टोचणारा असतो तोवर ठराव टिकतो आणि अमलात येताच मागे घेतला जातो, हा अनुभव पाण्यापुरता किंवा महाडपुरता मर्यादित नाही. अतिक्रमणे, कत्तलखान्याची जागा, कचऱ्याचे आगार, वसतिगृहासाठी भूखंड अशा विषयांवरील जुनी इतिवृत्ते चाळणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

आजच्या कायद्यात याबाबतीत वरच्या पातळीवरील एक तरतूद आहे. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ अन्वये नगरपरिषदेच्या ठरावाची किंवा आदेशाची अंमलबजावणी ठराविक कारणांस्तव तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. महानगरपालिकांच्या बाबतीत १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४५१ राज्य शासनाला असा अधिकार देते. हे अधिकार बेकायदेशीर किंवा लोकहितास बाधक ठराव थांबविण्यासाठी आहेत. चांगला ठराव होऊनही तो कपाटात पडून राहिल्यास या कलमांचा उपयोग नाही. तेथे सदस्यांचा पाठपुरावा, मुख्याधिकाऱ्यांची तत्परता आणि नागरिकांची नजर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

न्यायालयातील दहा वर्षे

नगरपालिकेने माघार घेतल्यावर प्रश्न तिच्या सभागृहातून निघून न्यायालयात गेला. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा महाडला सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ ते २७ डिसेंबर या काळात परिषद भरली. जागा मिळणे कठीण झाले असता एका मुस्लीम गृहस्थांनी आपली जमीन दिली. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः परिषदेत येऊन न्यायालयाचा हुकूम पाळण्याविषयी सांगितले. हजारोंचा समुदाय जमलेला असताना व पाणी हाकेच्या अंतरावर असताना परिषदेने सत्याग्रह पुढे ढकलला. ज्या नगरपालिकेने आपला ठराव सहा महिनेही निभावला नाही तिच्या शेजारी, आपल्याविरुद्ध गेलेला हुकूम पाळणाऱ्या या लोकांचा संयम ठेवून पाहण्यासारखा आहे.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालू राहिला. तळे खासगी असल्याचा दावा टिकला नाही; ते नगरपालिकेकडे निहित असलेली मालमत्ता ठरले. राहता राहिली ती रूढी. अस्पृश्यांनी तेथे पाणी न घेण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली असून तिला कायद्याचे बळ आहे, असे वादींचे म्हणणे होते. १९३१ साली महाडच्या न्यायाधीशांनी आणि १९३३ साली ठाण्याच्या अपील न्यायालयाने ते अमान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, म्हणजे १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींच्या खटल्याचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनीच, १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे, हे त्याचे तात्पर्य होय.

या निकालाचा स्थानिक संस्थांच्या दृष्टीने एक अर्थ फारसा सांगितला जात नाही. नगरपालिकेने ठराव केला म्हणून अस्पृश्यांना हक्क मिळाला आणि ठराव रद्द केल्याने तो गेला, असे न्यायालयांनी मानले नाही. प्रश्न तळे सार्वजनिक आहे की नाही, आणि असल्यास काहींना वगळणारी रूढी कायद्याने सिद्ध होते की नाही, हा होता. ते पुरावे कमी पडताच वगळण्याला आधार उरला नाही. १९२४ च्या ठरावाची खरी किंमत हक्क देण्यात नव्हती. असलेला हक्क शांततेने वापरता यावा अशी व्यवस्था करण्याची ती संधी होती. ती साधली असती तर तेरा वर्षे, तीन न्यायालये आणि मारहाणीत जखमी झालेली माणसे यांचा इतिहास वेगळा झाला असता.

सभेच्या कक्षेबाहेर गेलेला विषय

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अमलात आले. अनुच्छेद १५ मध्ये, पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून ठेवलेल्या अथवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणावरही निर्बंध असणार नाही, असे नमूद आहे. १९२३ च्या शिफारशीतील 'सार्वजनिक पैशातून' हा विचार येथे ओळखू येतो. फरक एवढाच की, तो आता सल्ला राहिलेला नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अधिनियमाने तिचे आचरण शिक्षापात्र केले. सार्वजनिक पाणी कोणी घ्यावे यावर कोणत्याही नगरपरिषदेत किंवा ग्रामसभेत आज मत घेता येत नाही. बहुमतालाही तो अधिकार नाही.

मतास उरतात ते पाण्याचे दुसरे प्रश्न. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत घरगुती, औद्योगिक व व्यापारी प्रयोजनांसाठी पाणीपुरवठा हा एक विषय आला. जलवाहिनी प्रथम कोणत्या वस्तीत न्यावयाची, साठवण टाकी कोणत्या टेकडीवर बांधावयाची, कोणत्या भागाला पहाटे पाणी सोडावयाचे आणि कोणत्या भागाला मध्यरात्री, उन्हाळ्यात टँकरची फेरी कोठून सुरू व्हावी, सार्वजनिक नळकोंडाळे बंद केल्यास त्यावर अवलंबून असलेल्या घरांना जोडणी केव्हा मिळणार, हे सारे सभेत ठरते. यांपैकी एकाही विषयाच्या टिपणीत जातीचा उल्लेख नसतो, व नसावाच. परंतु टिपणीसोबत वस्त्यांची नावे, घरांची संख्या आणि सध्या मिळणारे पाणी यांचा तक्ता जोडलेला असेल, तर कोणती वस्ती मागे राहिली आहे हे मतदानापूर्वीच सदस्यांच्या व प्रेक्षकांच्या दृष्टीस पडते. तो तक्ता विषयपत्रिकेसोबत सात दिवस आधी पाठविणे मुख्याधिकाऱ्यांना शक्य असते, तो मागणे हा सदस्यांचा अधिकार असतो, आणि ठराव झाल्यावर त्याच तक्त्यात 'काम पूर्ण झाल्याचा दिनांक' हा एक रकाना वाढवून पुढील प्रत्येक सभेपुढे ठेवण्यास वेगळ्या खर्चाची मंजुरी लागत नाही.